बारा तुकड्यांचं यंत्र: यीस्टमधून पॉल-टू शुद्ध करताना गेलेले वीस महिने

आमच्या लॅबच्या उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या रॅकमध्ये, निळ्या टोपणांच्या अडतीस नळ्या आहेत. प्रत्येकीत दहा मायक्रोलिटर. डोळ्यांत घालायच्या औषधाचा एक थेंब याच्या चौपट तरी असतो. सगळ्या नळ्या मिळून प्रथिन भरतं जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. तेवढं मिळवायला मार्च २०२३ ते ऑक्टोबर २०२४ असे वीस महिने गेले.

हे लिहायचं कारण साधं आहे. मी सुरुवात केली तेव्हा पेपरांमध्ये शोधत होते आणि जिथे तिथे एकच ओळ सापडायची: शुद्धीकरण पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे केलं. मग तो पूर्वीचा पेपर उघडायचा, त्यात त्याहून पूर्वीच्या पेपरचा हवाला. कोण कुठे आपटलं, कुठे वेळ गेला, कुठे पैसे गेले, हे कुणी लिहीत नाही. पुण्यात, एका संशोधन संस्थेत पीएचडी करणाऱ्या, साताऱ्याकडून आलेल्या मुलीला ते कुणीतरी मराठीत सांगितलं असतं तर निदान दोन-तीन महिने वाचले असते.

आधी थोडक्यात, पॉल-टू म्हणजे काय. डीएनएमधला मजकूर वाचून त्याची आरएनएमध्ये नक्कल करणारं जे एन्झाइम, ते आरएनए पॉलिमरेज. जीवाणूंमध्ये ते एकच असतं. ज्यांच्या पेशीत स्पष्ट केंद्रक असतं, म्हणजे यीस्टपासून आपल्यापर्यंत सगळे, त्यांच्यात तीन असतात. (वनस्पतींकडे आणखी दोन आहेत, पण तो वेगळा संसार.) १९६९ साली रोडर आणि रटर यांनी पेशींचा अर्क एका कॉलममधून, म्हणजे मण्यांनी भरलेल्या नळीतून, सोडला आणि वाढत्या मिठाबरोबर आलेखावर पॉलिमरेजचे तीन वेगवेगळे उंचवटे आले. म्हणून नावंही तशीच सरळ: एक, दोन, तीन; लॅबच्या बोलीत पॉल-वन, पॉल-टू, पॉल-थ्री. पहिलं रायबोसोमचा मोठा आरएनए बनवतं, तिसरं टीआरएनएसारखे छोटे. मधलं, आमचं, प्रथिनांचे निरोप घेऊन जाणारा संदेशवाहक आरएनए बनवतं. यीस्टमधल्या पॉल-टूचे बारा तुकडे आहेत, आरपीबी-१ ते आरपीबी-१२. सगळं मिळून वजन पाच लाख डाल्टनच्या थोडं वर. (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं एकक.)

मार्च २०२३ मध्ये मॅम, म्हणजे माझ्या गाइड, म्हणाल्या, "आपल्याला पुढच्या सगळ्या प्रयोगांना शुद्ध पॉल-टू लागणार आहे. दुसऱ्यांकडे किती वेळा मागायचं? तू बनव." मी हो म्हणाले. मला वाटलं, तीन महिने लागतील.

पहिले सात महिने तर नुसत्या कागदांत गेले.

शुद्ध करायला सोपं व्हावं म्हणून आरपीबी-३ च्या टोकाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं यीस्ट परदेशातल्या एका लॅबकडे होतं. निकेल लावलेल्या मण्यांना हिस्टिडिन चिकटतात, म्हणजे आरपीबी-३ पकडलं की त्याच्याबरोबर अख्खं यंत्र हातात येतं. हा तुकडा निवडण्यातही डोकं आहे. आरपीबी-५, ६, ८, १० आणि १२ हे पाच तुकडे तिन्ही पॉलिमरेजमध्ये सामाईक आहेत. त्यांच्यातल्या एकाला शेपटी लावली तर तिघंही जाळ्यात सापडतील. आरपीबी-३ फक्त दोन नंबरचं. मी ईमेल पाठवला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "आनंदाने पाठवतो, फक्त एमटीए करू." एमटीए म्हणजे साहित्य देवाणघेवाणीचा करार. तो "फक्त" मला पुढे बरेच दिवस आठवत राहिला.

जनुकीय बदल केलेला जीव बाहेरून आणायचा तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, आयबीएससीची, मंजुरी लागते. २०२० पासून एक सोय झाली आहे: कमी जोखमीच्या, म्हणजे गट १ आणि २ मधल्या जीवांच्या संशोधनासाठीच्या आयातीला ही समितीच परवानगी देऊ शकते, फाइल दिल्लीपर्यंत जावी लागत नाही. पण समितीची बैठक तीन महिन्यांनी एकदा. एप्रिलच्या बैठकीसाठी अर्ज द्यायची मुदत माझी चार दिवसांनी हुकली. पुढची जुलैत. तेव्हा पहिला सल्ला हाच: प्रयोगाची वही उघडायच्या आधी समितीच्या बैठकांच्या तारखा विचारून भिंतीवर लावा. अर्जात "यीस्टचा उरलेला कचरा कसा नष्ट करणार" या रकान्यात मी फक्त "ऑटोक्लेव्ह" लिहिलं होतं. तापमान, दाब, मिनिटं आणि नोंदवही कोण ठेवणार हे लिहा, नाहीतर अर्ज परत येतो. माझा आला होता.

जुलैत मंजुरी मिळाली. मग एमटीए. आमच्याकडे एका कलमावर शंका निघाली, तिकडून खुलासा आला, मग सही करणारे अधिकारी रजेवर. सात आठवडे. सप्टेंबरच्या शेवटी पाकीट निघालं आणि मुंबईला कस्टममध्ये नऊ दिवस अडकलं, कारण आत काय आहे त्याचं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र पाकिटाला बाहेरून लावलेलं नव्हतं. आतल्या खोक्यात होतं. पत्राची एक प्रत बाहेर, एक आत, एक कुरिअरवाल्याच्या हातात, हे लक्षात ठेवा. ११ ऑक्टोबर २०२३ ला तिरक्या अगारच्या दोन छोट्या नळ्या माझ्या हातात आल्या. एवढा प्रवास करून यीस्ट मजेत होतं. तिसऱ्या दिवशी प्लेटवर पांढरे ठिपके उगवले आणि इन्क्युबेटर उघडल्यावर पावाच्या भट्टीसारखा वास आला.

पहिला प्रयत्न दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी. दोन लिटर. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण हाती काहीच लागलं नाही. यीस्टची भिंत चिवट असते. काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळून ती फोडावी लागते, आणि मी घुसळलं फारच कमी. अर्क गढूळ दिसला म्हणजे पेशी फुटल्या असं मी धरून चालले. आमच्या सीनियरने थेंबभर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला बोलावलं. दहातल्या आठ पेशी गोल, चकचकीत, धडधाकट. फुटलेली पेशी काळपट, रिकाम्या सालीसारखी दिसते. तेव्हापासून दर पाच फेऱ्यांनी एक थेंब बघायचा, ऐंशी टक्के फुटल्याशिवाय थांबायचं नाही, असा नियम केला. घुसळताना ऊब येते म्हणून अर्धं मिनिट चालू आणि दीड मिनिट बर्फात, असं तासभर.

दुसरा प्रयत्न जानेवारी २०२४, सहा लिटर. या खेपेला पेशी छान फुटल्या. अर्क निकेलच्या कॉलमवर चढवला. हे मणी आकाशी निळे असतात, बघायला सुंदर. कोल्ड रूममध्ये स्टुलावर बसून मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत वरून खाली ते पांढरे पडत गेले. पातळ निळं पाणी खाली बाटलीत. आधी वाटलं की असंच होत असेल. मग पोटात गोळा आला.

झालं असं होतं की प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमना रोखायला ज्या गोळ्या अर्कात टाकतात, त्या दोन प्रकारच्या मिळतात, ईडीटीए असलेल्या आणि नसलेल्या. मी पहिल्या टाकल्या. ईडीटीए धातू पकडून ठेवतं. त्याने मण्यांवरचं निकेल खरवडून काढलं. मॅमना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "निकेल गेलं ते दिसलं तरी. पॉल-टूमधलं जस्त गेलं असतं तर दिसलंही नसतं." तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की या यंत्राच्या आत आठ जस्ताचे अणू आहेत. वेगवेगळ्या तुकड्यांच्या घड्या ते टाचणीसारखे धरून ठेवतात. शिवाय ऐन मध्यभागी मॅग्नेशियमचा एक आयन, आरपीबी-१ च्या तीन अ‍ॅस्पार्टेटच्या पकडीत. नवीन अक्षर जोडायची रासायनिक क्रिया तिथेच होते. दुसरं मॅग्नेशियम येणाऱ्या प्रत्येक अक्षराबरोबर येतं. हे सगळं मी एमएस्सीला पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बफरच्या, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीवर मी स्वतःच्या हाताने "झिंक क्लोराइड १० मायक्रोमोलर, ईडीटीए नाही" असं लाल पेनने लिहिलं ते त्या दिवशी.

तिसरा प्रयत्न फेब्रुवारीत. आणि यात शेवटी जेलवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या पातळ थरावर, रेघा दिसल्या! आरपीबी-२, दीडशेच्या खुणेजवळ (खुणा हजार डाल्टनमध्ये), ठसठशीत. आरपीबी-३ सुद्धा. मी मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवला. संध्याकाळी सीनियर म्हणाला, "वरची रेघ खाली का आहे?"

आरपीबी-१ हा सगळ्यात मोठा तुकडा. त्याचं खरं वजन एक लाख ब्याण्णव हजार डाल्टनच्या आसपास, पण जेलवर तो रेंगाळतो आणि २२० च्या खुणेजवळ दिसतो. माझा १८० ला होता. त्याची स्वतःची शेपटी तुटली होती, आरपीबी-३ ला जोडलेली ती नव्हे.

ही शेपटी म्हणजे पॉल-टूची खासियत, पॉल-वन आणि पॉल-थ्रीला ती नसते. सात अमिनो आम्लांचा एक क्रम, टायरोसीन-सेरीन-प्रोलीन-थ्रिओनीन-सेरीन-प्रोलीन-सेरीन, पुन्हा पुन्हा येतो. यीस्टमध्ये सव्वीस वेळा, माणसात बावन्न वेळा. तिला ठरावीक घडी नाही, मोकळी लोंबते. म्हणूनच प्रथिनाचे स्फटिक करून काढलेल्या रचनेच्या चित्रांत ती दिसत नाही आणि म्हणूनच अर्कातल्या कात्र्यांना, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमना, ती सगळ्यात आधी सापडते. पेशीत तिच्यावर फॉस्फेटच्या खुणा चढतात. सुरुवातीला पाचव्या सेरीनवर, मग आरएनएच्या डोक्याला टोपी घालणारी एन्झाइम्स येऊन तिला चिकटतात. पुढे दुसऱ्या सेरीनवर, मग शेवटाची कापाकापी करणारी मंडळी येतात. कुठल्या टप्प्यावर कुणाला बोलवायचं ते शेपटी ठरवते. शेपटी तुटलेलं पॉल-टू नळीत डीएनए वाचू शकतं, पण आम्हाला पुढे जे करायचं होतं त्यात शेपटीच महत्त्वाची होती. शेपटी ओळखणाऱ्या अँटिबॉडीने तपासलं. कोरी पट्टी. आईला पाठवलेला फोटो डिलीट करता आला नाही.

दोष पीएमएसएफचा, म्हणजे खरं तर माझा. हे रसायन कात्र्या बंद करतं, पण पाण्यात फार टिकत नाही. पीएच ८ च्या बफरमध्ये, खोलीच्या तापमानाला, पस्तीसेक मिनिटांत निम्मं संपतं. मी आदल्या रात्रीच बफरमध्ये घालून ठेवलं होतं, सकाळी धावपळ नको म्हणून. सकाळी बफरमध्ये नावापुरतंही उरलं नसणार. पीएमएसएफ आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून वेगळं ठेवा, पेशी फोडायच्या क्षणी घाला, आणि घुसळताना दर वीस मिनिटांनी पुन्हा घाला. विषारी आहे, हातमोजे घाला.

मार्चच्या मध्याला पुन्हा सज्ज झाले तर मोठा सेंट्रिफ्यूज बंद. देखभालीचा करार जानेवारीतच संपला होता आणि नूतनीकरणाची फाइल खरेदी आणि लेखा विभाग यांच्यात येरझाऱ्या घालत होती. ४ मेपर्यंत. या दिवसांत मी काय केलं हे विचाराल तर थोडं वाचन, बरंच रडणं आणि पुष्कळ खरेदी. अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे एन्झाइम काम करतं का ते) तपासायला लागणारा आरएनए तेव्हाच मागवला: नऊ अक्षरांचा तुकडा, एका टोकाला चमकणारा रंग. किंमत साडेअठरा हजार रुपये. अशा वस्तू तेव्हा जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, आमच्या उपयोगाच्या सापडत नसत, पण जेमवर शोधून पाहिलं याचा अहवाल काढून फाइलला जोडावा लागायचा. तो ज्या दिवशी काढला त्याच दिवसाची तारीख इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, हवी. माझ्या इंडेंटवर तीन दिवस आधीची होती, त्यामुळे पुन्हा सगळं. नऊ अक्षरांच्या त्या तुकड्याला हातात यायला बेचाळीस दिवस लागले. खिशातून केलेल्या किरकोळ खर्चाची बिलं त्यानंतर तीन महिन्यांनी मंजूर झाली. सदतीस हजारांच्या फेलोशिपमध्ये पुण्यातलं खोलीभाडं भरून असले पैसे अडकवायला जीव धजत नाही, तेव्हा शक्यतो स्वतःच्या खिशातून काही आणूच नका.

चौथा प्रयत्न: १४ ते १६ मे २०२४. हा मला तासातासाने आठवतो.

बारा लिटर मीडिया, म्हणजे यीस्टचं पातळ खाद्य. एकशेवीस ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, दोनशे चाळीस पेप्टोन, दोनशे चाळीस डेक्स्ट्रोज. साखर वेगळी ऑटोक्लेव्ह करायची, एकत्र केली तर मीडिया काळा चहा होतो. मीडिया रूमचे काका म्हणाले, "लग्नाचं जेवण आहे का, ताई?" दोन लिटरचे सोळा फ्लास्क, प्रत्येकात पाऊण लिटर, कारण यीस्टला हवा लागते. दोन शेकर आठवडाभर आधी बुक केले. १३ तारखेला रात्री आठ वाजता बी घातलं. यीस्ट दर दीड-पावणेदोन तासाला दुप्पट होतं, त्या हिशेबाने सकाळी साडेआठला ओडी, म्हणजे गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी, चार यायला हवी होती. आली ३.८. चौऱ्याऐंशी ग्रॅम पेशी, ताज्या खव्यासारख्या.

बाहेर पुण्याचा मे महिना, आणि मी कोल्ड रूममध्ये चार अंशाला स्वेटर, कानटोपी आणि वडिलांचे लोकरी मोजे घालून. निकेलचा कॉलम निळाच राहिला. तिथून उतरलेलं सगळं हेपारिनच्या कॉलमवर चढवलं. हेपारिनच्या साखळीवर डीएनएसारखाच दाट ऋण भार असतो, पॉल-टू फसतं आणि तिला घट्ट धरून बसतं. कारण डीएनए जिथून जातो ती त्याची खाच आतून धन भाराची आहे. चित्रात बघितलं तर अख्खं एन्झाइम खेकड्याच्या नांगीसारखं: आरपीबी-१ आणि आरपीबी-२ या दोन मोठ्या बाजू, मध्ये खोल खाच, आणि एका बाजूला सरकणारी पकड, डीएनए आत आला की मिटणारी. मीठ वाढवत नेलं की पकड सुटते. तिसऱ्या दिवशी शेवटचा कॉलम, मोनो-क्यू. आलेखावर एकच उंच सुळका, बराच उशिरा, भरपूर मीठ गेल्यावर. मी तो सुळका वर चढत असताना श्वास घेतला की नाही ते आठवत नाही.

जेल चार ते वीस टक्क्यांचं चढतं घ्या. साध्या जेलवर दोन लाखांचा आणि आठ हजारांचा तुकडा एकत्र दिसत नाहीत, छोटे पळून जातात. आरपीबी-१ यावेळी २२० ला होता. शेपटीची अँटिबॉडी लख्ख.

पण मी मोजल्या तेव्हा रेघा कमी भरल्या. आरपीबी-४ आणि आरपीबी-७ अगदी पुसट.

मॅम हसल्या. म्हणाल्या, पॉल-टूची रचना उलगडणाऱ्या रॉजर कॉर्नबर्ग यांनाही हाच त्रास झाला होता. हे दोन तुकडे एकत्र राहतात आणि बाकीच्या दहांच्या गोळ्यातून देठासारखे बाहेर येतात, आरएनए जिथून बाहेर पडतो त्या वाटेजवळ. भराभर वाढणाऱ्या यीस्टमध्ये बऱ्याच पॉल-टूंना हा देठ नसतोच, आणि असला तरी कॉलमवर गळतो. काहींना आहे, काहींना नाही, अशा मिसळीचे चांगले स्फटिक होत नाहीत. म्हणून स्टॅनफर्डमध्ये त्यांनी आरपीबी-४ चं जनुकच काढून टाकलेलं यीस्ट वापरलं. ते जगतं, फक्त उष्णता सोसत नाही. आरपीबी-७ काढलं तर मात्र मरतं. २००१ साली प्रसिद्ध झालेली ती गाजलेली रचना, २.८ अँगस्ट्रॉमच्या बारकाईची, दहा तुकड्यांचीच आहे. बारा तुकड्यांचं संपूर्ण चित्र २००३ मध्ये आलं. कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या वडिलांना १९५९ मध्ये वैद्यकशास्त्राचं मिळालं होतं, डीएनए पॉलिमरेजच्या कामासाठी. वडिलांनी एक पॉलिमरेज घेतलं, मुलाने दुसरं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पराग साधले यांच्या गटाने आरपीबी-४ आणि ७ वर बरीच वर्षं काम केलं आहे. जूनमध्ये मी त्यांचे पेपर एकेक करून वाचले आणि "गळणारा तुकडा म्हणजे बिनमहत्त्वाचा" हा माझा समज गेला.

दोन वाटा होत्या. यीस्ट उपाशी राहून सुस्त झालं की त्याच्या जवळपास सगळ्या पॉल-टूंना देठ असतो. तेव्हा उशिरा तोडणी करायची. पण सुस्त यीस्टची भिंत आणखी जाड आणि कात्र्याही जास्त. शेपटीचा अनुभव ताजा होता. म्हणून दुसरी वाट: आरपीबी-४ आणि ७ जीवाणूत एकत्र बनवून वरून घालायचे. जून आणि जुलै त्यात गेले. ऑगस्टमध्ये पाचव्यांदा बारा लिटर वाढवले, पाचपट देठ मिसळला, जास्तीचा आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर काढून टाकला. चव्वेचाळीस नळ्या भरल्या. फ्रीझरमध्ये टाकण्याआधी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायच्या, आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. म्हणून दहा-दहा मायक्रोलिटर.

आता हे नुसतं सुंदर प्रथिन आहे की काम करणारं यंत्र, ते बघायचं होतं. जुनी पद्धत किरणोत्सारी फॉस्फरसची. त्यासाठी वेगळी खोली, छातीला बिल्ला, सुरक्षा अधिकाऱ्याची सही, आणि चौदा दिवसांत निम्मी शक्ती संपणारा माल. आमचा खरेदी विभाग लक्षात घेता मी रंगवाला आरएनए निवडला. नऊ अक्षरंच का? चालत्या पॉल-टूच्या पोटात आरएनए आणि डीएनए यांची आठ-नऊ अक्षरांची जोडी सतत असते. तेवढीच आयती जोडी करून दिली तर सुरुवात करून देणाऱ्या बाकीच्या कितीतरी प्रथिनांशिवायच ते थेट मधूनच काम सुरू करतं.

पहिल्या दोन वेळा सगळा आरएनए कापून निघाला. पिपेटवर, टेबलावर, माझ्या हातांवर आरएनए कापणारं एन्झाइम, आरएनेज. टेबल, पिपेट, सगळं पुसलं, पाणी नवीन, टिप्सचा डबा नवीन. १२ सप्टेंबरला, गणपतीत, तिसऱ्यांदा. संध्याकाळी सातला जेल स्कॅनरवर ठेवलं. बाहेर कुठल्या तरी मंडळाच्या आरतीचा आवाज येत होता. पडद्यावर पहिल्या रांगेत फक्त नऊची रेघ. दुसऱ्या रांगेत, जिथे चारी अक्षरं दिली होती, तिथे नऊची रेघ जवळजवळ नाहीशी आणि वर, टोकाला, एक जाड काळी पट्टी. ते वाचत गेलं होतं, शेवटपर्यंत. मी एकटीच होते. जिना उतरून खाली गेले, वॉचमनकाकांकडून प्रसादाचा मोदक घेतला, परत वर आले आणि पुन्हा बघितलं.

शेवटची परीक्षा विषाची. अल्फा-अ‍ॅमॅनिटिन, डेथ कॅप नावाच्या अळंबीतलं विष. ती खाणाऱ्याचं यकृत निकामी होतं, ते मुख्यतः याच एन्झाइमला ते जखडतं म्हणून. पॉल-टू विषाला बळी पडायला हवं, नाहीतर माझ्या नळीत दुसरंच कुणीतरी काम करत असेल. एक मिलिग्रॅमची कुपी, जीएसटी धरून तेहेतीस हजारांच्या घरात. कुलपातलं कपाट, वेगळं रजिस्टर, दोन सह्या. प्रौढ माणसाला मारायला पाचसहा मिलिग्रॅम लागतात, हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा आईला आला नाही. पूड कधीही वजन करायला बाहेर काढू नका. कुपीतच सुईने पाणी सोडा, दुहेरी हातमोजे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम घातलं. सस्तन प्राण्यांच्या पॉल-टूला एवढं पुरेसं असतं. काहीच झालं नाही. पट्टी तशीच काळी. त्या रात्री मी झोपले नाही. वीस महिन्यांत मी नक्की काय गोळा केलं, याच्यावर विचार करत बसले. सकाळी जुने पेपर उपसले. १९७० च्या दशकातच लिहून ठेवलेलं: यीस्टचं पॉल-टू या विषाला कितीतरी कमी दाद देतं. आणखी गंमत म्हणजे यीस्टमध्ये पॉल-थ्रीला त्याचा जवळजवळ काहीच फरक पडत नाही आणि भरपूर विष दिलं तर पॉल-वन थांबतं. प्राण्यांमध्ये बरोबर उलट. आमच्या पाठ्यपुस्तकातला तक्ता फक्त प्राण्यांचा होता, आणि तसं त्यात म्हटलेलं नव्हतं.

एक मायक्रोग्रॅमला पट्टी फिकटली. पन्नासला टोकाची पट्टी गेली आणि नऊच्या वर दहा, अकरा, बारा अशा लहान लहान पायऱ्या उरल्या. पूर्ण थांबलं नाही, रांगायला लागलं. का ते आईला समजावताना मलाच नीट समजलं. आई शिवणकाम करते. मशीनच्या सुईखाली लोखंडी दाते असतात ना, प्रत्येक टाक्यानंतर कापड एक घर पुढे ढकलणारे? पॉल-टूच्या खाचेत एक आडवा दांडा आहे आणि त्याच्याखाली एक हलता फास. बरोबर अक्षर आलं की फास त्याच्यावर मिटतो, टाका पडतो, फास उघडतो, डीएनए एक घर सरकतो. विष नेमकं त्या दांड्याखाली जाऊन बसतं आणि या हालचाली अडवतं. सुई चालते, कापड सरकत नाही. "म्हणजे दात्यांत दोरा अडकला," आई म्हणाली. हो, तसंच.

या तपासण्यांत सहा नळ्या संपल्या. उरलेल्या अडतीस.

कुणाला हे करायचंच असेल तर कागदांसाठी सात महिने धरा, कामासाठी सहा, आणि बंद पडलेल्या यंत्रांसाठी जेवढे असतील तेवढे. जेलचे फोटो पहिल्या दिवसापासून तारखेसह ठेवा, विशेषतः बिघडलेले. जैवसुरक्षा समितीला वार्षिक अहवाल द्यावा लागतो, तो विसरू नका; माझा पुढच्या महिन्यात आहे.

दिवाळीला घरी गेले तेव्हा शेवटच्या जेलची प्रिंट घेऊन गेले होते. आईने चष्मा लावला, शिवणाच्या मशीनवरच कागद पसरला आणि सुईच्या टोकाने वरून एकेक रेघ मोजायला लागली. अकराला थांबली.

"बारा म्हणालीस. एक कमी आहे."

"खालची बघ, जरा जाड. आठ हजारांच्या आसपासचे दोघं आहेत, दहा आणि बारा. वेगळे दिसत नाहीत."

तिने कागद खिडकीकडे धरून पुन्हा बघितला.

"पुढच्या वेळी वेगळे काढ," म्हणाली, आणि फराळाचा डबा उघडला.